घरी शिकणाऱ्या मुलांच्या हाती गुराख्याचा फास कसा आला

अमेरिकेत जुन्या रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या मळ्यांवर, आणि शेती-संग्रहालयांत, इतर मुलं वर्गात बसलेली असतात त्या वेळी काही मुलं लोणी घुसळताना, चरबीच्या मेणबत्त्या करताना किंवा लाकडी वासराच्या गळ्यात दोरीचा फास टाकण्याची धडपड करताना दिसतात. ही होमस्कूलिंगची, म्हणजे घरीच शिकणारी मुलं. वसाहतकरी आणि गुराखी यांचा इतिहास हाताने करून पाहायची ही रीत होमस्कूलिंगपेक्षा बरीच जुनी आहे.

मूळ शोधायचं तर आधी स्वीडनला जावं लागतं. 1891 मध्ये आर्टुर हाझेलियस यांनी देशभरातली जुनी घरं उचलून स्टॉकहोमच्या स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयात मांडली आणि त्यांत माणसं, जनावरंही ठेवली. अमेरिकेत ही कल्पना हेन्री फोर्डने 1929 मध्ये ग्रीनफील्ड व्हिलेजच्या रूपात आणली. मोटारीने ज्या खेड्याचा कायापालट केला तेच खेडं मोटारवाल्याने जपावं, हा विनोदच.

शिक्षणाच्या बाजूने नाव येतं अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांचं. 1896 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शिकागोच्या प्रायोगिक शाळेत मुलं लोकर पिंजत, सूत कातत. एकदा मुलांनी अर्धा तास खपून कापसातली सरकी काढली. हाती एक औंसही रुई आली नाही. पूर्वजांनी कापसापेक्षा लोकर का वापरली, हे मग सांगावं लागलं नाही. आपल्याकडे 1937 च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली नई तालीमही हस्तोद्योगातून शिकण्याचीच होती. मात्र तिथे टकळी भूतकाळ दाखवायला नव्हती, रोजच्या कामाची होती.

होमस्कूलिंगला कायद्याची वाट मात्र उशिरा मिळाली. जॉन होल्ट यांनी 1977 मध्ये शाळेविना शिकण्यावरचं नियतकालिक काढलं, धार्मिक कुटुंबांनीही जोर लावला, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सगळ्या राज्यांत ते वैध झालं. टेक्सासमध्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये शिक्कामोर्तब केलं. संग्रहालयांनाही आठवड्याच्या मधल्या दिवसांत येणारी मुलं हवीच होती.

हाताळायला इतिहास भरपूर आहे. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन, पाच वर्षं राहून कसली तर, किरकोळ शुल्कात मिळे. लाकूड नसलेल्या नेब्रास्कात लोक गवताच्या मुळ्यांसकट मातीचे ठोकळे कापून घरं बांधत. इकडे यादवी युद्धानंतर टेक्सासमध्ये चार डॉलरला मिळणाऱ्या लाँगहॉर्न बैलाला उत्तरेत चाळीसपर्यंत भाव येई. म्हणून 1867 पासून कान्ससमधल्या रेल्वेच्या गावाकडे, म्हणजे अ‍ॅबिलिनकडे खिल्लारं हाकली जाऊ लागली. वाटेतल्या जेवणासाठी चार्ल्स गुडनाइटने 1866 मध्ये लष्करी गाडीवर फडताळ चढवलं. रात्री गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे करून ठेवत, म्हणजे सकाळी दिशा चुकू नये. मुलांना हे पटकन लक्षात राहतं. 1874 मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, कुरणं बंद होत गेली. 1886-87 च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या मैदानांत गुरं हजारोंनी मेली आणि मोकळ्या चराईचा धंदा मोडला.

अडचण अशी की हातात येतं ते खरं वाटतं, आणि हातात येत नाही ते सुटून जातं. फास, खोगीर, डाग देण्याची पद्धत हे सगळं व्हाकेरो म्हणजे मेक्सिकन गुराख्यांकडून आलं. काळे काउबॉयही मोठ्या संख्येने होते. होमस्टेडची जमीन तर मूळ रहिवाशांकडून घेतलेली. लोणी घुसळून यातलं काहीच कळत नाही, ते सांगावंच लागतं. म्हणून मला आयोवातलं 1970 मध्ये उभं राहिलेलं लिव्हिंग हिस्टरी फार्म्स महत्त्वाचं वाटतं. तिथे 1850 च्या वसाहतकऱ्यांच्या शेताबरोबर 1700 च्या सुमाराचं आयोवे या मूळ रहिवासी लोकांचं शेतही आहे, आणि काळाच्या क्रमाने ते आधी येतं.