थेट रोख मदत आणि घरखर्च (खानदेश)

सरकारने धान्य, वस्तू किंवा सवलत न देता ठरावीक रक्कम लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा करणे, म्हणजे थेट रोख मदत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तिचे ठळक प्रकार असे : निराधार व वृद्धांचे मासिक अनुदान, शेतकऱ्यांना केंद्राचे वर्षाला ६,००० व राज्याचे ६,००० रुपये, पहिल्या बाळंतपणासाठी ५,००० रुपये आणि जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे दरमहा १,५०० रुपये.

रक्कम किती, याइतकेच ती कधी येते यालाही महत्त्व असते. शेतकरी योजनांचा हप्ता चार महिन्यांनी, २,००० रुपयांचा असतो. तो खत-बियाण्यात किंवा जुन्या देण्यात एका दिवसात संपतो. दरमहा येणारे १,५०० रुपये दिवसाला ५० पडतात आणि चुलीपर्यंत पोचतात. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, पण तेल, डाळ, मिरची, चहा-साखर, साबण आणि दवाखान्याचे जीपभाडे रोखीनेच भागवावे लागते. आठवडे बाजारात पाव लिटरऐवजी लिटरभर तेल घेता येते. किराणा दुकानाच्या वहीतली उधारी कमी होते. उधारीच्या गिऱ्हाईकाला भाव करता येत नाही, हेही त्यात आले. महिना शेकडा पाच दराने ५,००० रुपये घेतले तर महिन्याचे व्याजच २५० होते. असे एक कर्ज टळले, तरी दीड हजाराच्या हप्त्याचा सहावा भाग वाचतो.

खरी कसोटी आषाढ-श्रावणात लागते. झड लागली की मजुरी बुडते, कापूस हाती यायला दिवाळी उजाडते. धडगाव, अक्कलकुवा भागातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातकडे ऊसतोडीला जातात आणि पावसाळ्यातल्या खाण्यासाठी मुकादमाकडून आधीच उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतात. रोख मदतीने हे स्थलांतर थांबेल, ही अपेक्षा भाबडी आहे. उचल थोडी कमी घ्यावी लागते, एवढेच. तेही थोडके नाही, कारण उचल जितकी मोठी तितका मजूर बांधला जातो.

फुकटचा पैसा दारूत जातो, हा आक्षेप पारावर हमखास ऐकू येतो. शेजारच्या मध्य प्रदेशात २०११-१२ च्या सुमारास ‘सेवा’ ही कष्टकरी महिलांची संघटना व युनिसेफ यांनी काही गावांत प्रौढांना दरमहा २०० व मुलांमागे १०० रुपये बिनशर्त दिले, पुढे ते ३०० व १५० केले. तेथे आहार सुधारला, जनावरे घेतली गेली, कर्ज घटले. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही.

अडचणी बहुतेक खात्याच्या असतात. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे दिले गेले, तरी नंदुरबार जिल्हाही त्यांतून सुटलेला नाही. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात न जाता आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. म्हणून ‘हप्ता आलाच नाही’ म्हणणाऱ्या बाईचे पैसे पुष्कळदा विसरलेल्या जुन्या खात्यात सापडतात. हप्ता अडला की पहिल्यांदा आधारला कोणती बँक जोडलेली आहे ते पाहावे. अर्ज पुन्हा भरणे नंतरचे. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते, ते शाखेत ओळखपत्रे देऊन चालू करावे लागते. निंदणी आणि कापूस वेचणीने बोटे घासतात, मग बँकेच्या सेवा केंद्रावर पैसे काढताना यंत्रावर अंगठा उमटत नाही. हात धुऊन, कोरडे करून दुसरे बोट लावून पाहावे. सातपुड्यात रेंज जाते आणि व्यवहार अर्ध्यावर तुटतो. अशा वेळी खात्यातून रक्कम वजा झाली पण हातात आली नाही, तर पावती ठेवून बँकेत तक्रार करावी. पावती न देता दहा-वीस रुपये कापणारे केंद्र टाळलेले बरे. जनधन खात्यातून महिन्याला चार वेळा पैसे काढणे मोफत असते, म्हणून शंभर-शंभर काढत बसू नये. साध्या बचत खात्यात मात्र किमान शिल्लक नसल्याचा दंड लागू शकतो आणि हप्ता जमा होताच तोच आधी वळता होतो. मे अखेरीस खात्याला जोडलेल्या जीवनज्योती विम्याचे ४३६ व सुरक्षा विम्याचे २० रुपये कापले जातात, तेव्हाही घरात हप्ता कमी आल्याचा समज होतो.