राइट-ऑफ वेगळा, माफी वेगळी. आणि खरी माफी तिसरीकडेच

कर्जमाफी म्हणजे काय हे महाराष्ट्रात कोणाला समजावायला नको. २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. सरकार तिजोरीतून बँकेचे पैसे भरतं, शेतकऱ्याची बाकी शून्य होते.

गोंधळ होतो तो निर्लेखनाचा, म्हणजे राइट-ऑफचा. एप्रिल २०२० मध्ये माहिती अधिकारात रिझर्व्ह बँकेची यादी बाहेर आली: ५० बडे थकबाकीदार, त्यांची निर्लेखित कर्जं ६८,६०७ कोटींची. राहुल गांधींनी सरकारला धारेवर धरलं, निर्मला सीतारामन यांनी ‘निर्लेखन म्हणजे माफी नव्हे’ असा ट्विटांचा धडाका लावला. हाच सामना अजून चालू आहे.

कर्ज थकलं की बँक दरवर्षी नफ्यातून त्यासाठी तरतूद बाजूला काढते. पूर्ण रकमेची तरतूद झाली की, साधारण चार वर्षांनी, ते कर्ज ताळेबंदातून काढून टाकते. बदलतात त्या बँकेच्या वह्या. कर्जदाराचं देणं, तारण, जामीनदार, कोर्टातला दावा, सगळं जिथल्या तिथे. त्यामुळे ‘उद्योगपतींचे इतके लाख कोटी माफ केले’ हे भाषणातलं वाक्य साफ चूक आहे, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

पण ‘वसुली चालूच असते’ हे सरकारी पालुपदही मला तितकंच खटकतं. चालू असते, पण किती? भागवत कराड अर्थ राज्यमंत्री असताना २०२३ मध्ये लोकसभेत दिलेले आकडे बघा. नऊ वर्षांत १४.५६ लाख कोटी निर्लेखित, त्यातले वसूल २.०४ लाख कोटी. रुपयामागे चौदा पैसे. बाकीचा खड्डा बँकेच्या नफ्यातून भरतो, आणि सरकारी बँकेचं भांडवलच आटलं की करदात्यांच्या पैशातून. २०१७ मध्ये सरकारी बँकांना भांडवल पुरवायची २.११ लाख कोटींची योजना जाहीर झाली, त्यातले १.३५ लाख कोटी सरकारी रोख्यांचे होते.

खरं पाणी सोडलं जातं ते एकरकमी तडजोडीत, म्हणजे कमी पैसे एकदम घेऊन खातं मिटवण्यात, आणि दिवाळखोरी संहितेखालच्या (कर्ज थकवलेल्या कंपन्यांचा निकाल लावणारा कायदा) ‘हेअरकट’मध्ये, म्हणजे बँकांनी दाव्यातली सोडून दिलेली रक्कम. आलोक इंडस्ट्रीज या कापड कंपनीवर बँकांचे दावे ३० हजार कोटींच्या घरात होते, मंजूर झालेली योजना सुमारे ५ हजार कोटींची. मधला फरक त्या कंपनीकडे पुन्हा मागता येत नाही. शेतकऱ्याच्या माफीत निदान सरकार बँकेला भरपाई देतं. इथे बँकेला तीही मिळत नाही, आणि तरी सभांमध्ये ‘हेअरकट’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो.