पार्श्वभूमी : फ्रेंच ऑपेरा आणि वाद्यवृंद तबकडीवर कसे उतरले

२४ डिसेंबर १९०७. पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरागृहाच्या तळघरात २४ तबकड्या धातूच्या कलशांत घालून मोहोरबंद केल्या गेल्या. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेंच शाखेचे आल्फ्रेड क्लार्क यांची ही भेट होती. अट एकच : शंभर वर्षं कलश उघडायचे नाहीत. पाट्टी, मेल्बा, कारुसो, तामान्यो असे त्या काळचे बिनीचे आवाज त्यात होते. १९१२ मध्ये आणखी कलश ठेवले आणि सोबत एक ग्रामोफोनही दिला. पुढच्या पिढ्यांकडे तबकडी वाजवायला यंत्र उरेल की नाही, याची काळजी तेव्हाच कुणीतरी केली होती. १९८९ मध्ये पाहिलं तर एक कलश उघडलेला आणि ग्रामोफोन गायब. मग सगळा ठेवा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हलवला गेला. मुदत संपल्यावर कलश उघडताना फार जपावं लागलं, कारण तबकड्यांभोवतीच्या वेष्टनात अ‍ॅस्बेस्टॉस होतं.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि मागे मूठभर वादक दाटीवाटीनं बसत. तरीही पाते कंपनीनं १९११ पासून ‘कार्मेन’सारखे अख्खे ऑपेरे तबकड्यांवर आणले. वाद्यवृंदाचा खरा भरणा मात्र १९२५ नंतर, विजेवरचं ध्वनिमुद्रण आल्यावरच ऐकू येऊ लागला.

फ्रेंच संगीतकार राव्हेल त्या वेळी हयात होता, हे आपलं भाग्य. १९३० च्या जानेवारीत त्याच्या ‘बोलेरो’ या वाद्यवृंदरचनेची दोन मुद्रणं झाली. एकाचं संचालन पिएरो कोपोला करत होते. शेवटाकडे त्यांनी लय वाढवली, तेव्हा राव्हेलनं उठून त्यांचा कोट ओढला आणि सगळं पुन्हा वाजवायला लावलं. ही आठवण खुद्द कोपोलांनीच लिहून ठेवली आहे. दुसऱ्या मुद्रणात लामुरे वाद्यवृंदासमोर राव्हेल स्वतः उभा होता. तिथली लय शेवटपर्यंत ठाम राहते. बासरी आणि क्लॅरिनेटनंतर ‘बसून’ (bassoon) हे खर्जातलं फुंकवाद्य वरच्या पट्टीत शिरतं, ती जागा कान देऊन ऐका. अरुंद नळीच्या फ्रेंच बसूनचा तो किंचित नाकातला, करकरीत आवाज आज क्वचितच कानी पडतो.

तरी या साऱ्या इतिहासात मला सर्वात मोलाची वाटते ती १९४१ ची ‘पेलेआस ए मेलिझांद’. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. वाद्यवृंद संचालक रोजे देझोर्मिएर यांनी एप्रिल ते नोव्हेंबर अशा तुकड्यातुकड्यांच्या सत्रांत संगीतकार देब्युसीचा हा ऑपेरा पुरा केला : मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या वीस तबकड्या, चाळीस बाजू. दर चार मिनिटांनी थांबायचं, आणि पुढची बाजू त्याच भावावर उचलायची. ऐकताना हा सांधा कुठे जाणवत नाही. या ऑपेरात गाणं बोलण्याच्या इतकं जवळ राहतं की शब्द पुसट झाला तर सगळंच हातचं जातं. इरेन झोआकिम आणि झाक झान्सेन या गायकांच्या तोंडी एकेक अक्षर स्वच्छ येतं, आणि कुणीही आवाज चढवून ते दाखवत नाही. झोआकिमनं मेलिझांदच्या भूमिकेचे धडे मेरी गार्डनकडून घेतले होते. गार्डन म्हणजे १९०२ ची पहिली मेलिझांद. १९०४ मध्ये तिच्या काही तबकड्यांवर पियानोची साथ खुद्द देब्युसीची आहे. आपण याला तालीम म्हणू. ती अशी हाती पोचलेली आहे, म्हणून या मुद्रणाचं वजन वेगळं. देझोर्मिएर स्वतः संगीतकारांच्या भूमिगत प्रतिकार चळवळीत होते, हेही विसरू नये.

युद्धानंतर एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली. आंद्रे क्लुइतांस, जिनिव्हात आन्सेर्मे, लंडनहून आलेले बीचम अशा अनेक संचालकांनी फ्रेंच संगीत जगभर पोचवलं. १९६७ मध्ये पॅरिस कॉन्झर्व्हेटरीचा १८२८ पासूनचा वाद्यवृंद मोडून ‘ऑर्केस्त्र द पारी’ उभा राहिला. पुढच्या दशकांत फ्रेंच बसूनची जागा हळूहळू जर्मन बसूननं घेतली आणि हॉर्न या पितळी वाद्याचा थरथरता सूरही मागे पडला. देशोदेशीचे वाद्यवृंद एकसारखे वाजू लागले. मला हे नुकसानच वाटतं, आणि जुन्या तबकड्या नसत्या तर ते कळलंही नसतं.

याच काळात विस्मृतीत गेलेल्या कृती वर येऊ लागल्या. बेर्लिओझच्या ‘ले त्रोयां’ या ऑपेराचं पहिलं संपूर्ण मुद्रण १९६९ मध्ये कॉलिन डेव्हिस यांनी केलं, तेही लंडनमध्ये. तुलूझच्या वाद्यवृंदासह मिशेल प्लासाँ यांनी मान्यार, मास्ने, रुसेल असे किती तरी संगीतकार पुन्हा कानांवर घातले. त्यातला आल्बेर रुसेल आपल्याला जवळचा. तो १९०९ मध्ये भारतात आला होता. चितोडच्या अवशेषांवरून त्याला ‘पद्मावती’ हा ऑपेरा सुचला, आणि ‘एव्होकासियों’ या रचनेच्या पहिल्या भागाचं नाव आहे ‘गुहांच्या सावलीतले देव’. त्या गुहा म्हणजे वेरूळ. या दोन्ही कृती प्लासाँ यांच्या संचालनाखाली १९८० च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या. वेरूळ पाहिलेल्या कुणीही फ्रेंच वाद्यवृंद ऐकायला तिथूनच सुरुवात करावी.