'मोअर' कधी लावायचं? स्पेलिंगची अक्षरं मोजू नका

आम्ही सोलापुरात शाळेत होतो तेव्हापासून आजच्या क्लासच्या वह्यांपर्यंत एक नियम फिरतोय: तुलना करताना इंग्रजी विशेषण पाच अक्षरांपर्यंत असेल तर शेवटी 'अर-एस्ट', त्याहून लांब असेल तर आधी 'मोअर-मोस्ट'. साफ चूक आहे हे.

परवा भाचीनं याच हिशेबानं 'मोअर स्ट्रेट' लिहिलं. स्पेलिंगची अक्षरं बोटांवर मोजली, 8 भरली. पण तोंडानं म्हणून बघा: स्ट्रेट. एका झटक्यात संपला. म्हणून 'स्ट्रेटर'. उलट 'एक्झॅक्ट'ची अक्षरं 5च, उच्चारात मात्र दोन तुकडे. तिथं 'मोअर एक्झॅक्ट'.

घोळ 'अक्षर' या शब्दाचा आहे. आपल्याकडे कागदावरचं लेटर आणि उच्चारातला तुकडा, म्हणजे सिलेबल, दोन्ही अक्षरच! मोजायचे ते तुकडे. एक असेल तर साधारणपणे 'अर-एस्ट', तीन किंवा जास्त असतील तर 'मोअर-मोस्ट'. दोनाचं जरा तिरपागडं आहे: शेवटी 'वाय' असेल तर 'हॅपिअर', 'मॉडर्न'ला मात्र मोअरच, आणि 'क्लेव्हर'ला दोन्ही चालतं. गुड-बेटर-बेस्ट पाठच करा, इलाज नाही.

आणि हो, सोलापुरी चादर 'मोअर थिकर' कधीच नसते. नुसती 'थिकर', फार तर 'मच थिकर'.