आगटीवरची जाळी किती उंच असावी?

अलिबाग-पेणच्या बाजूला थंडीत पोपटी लावतात तेव्हा वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेल्या मडक्याभोवती जाळ केला जातो. एकदा जाळ धडाडला की उष्णता कमी-जास्त करणे कोणाच्या हाती राहत नाही. तशी गरजही पडत नाही, कारण आत कोंडलेली वाफ शेंगांचे तापमान १०० अंशांच्या आसपास राखते. उघड्या जाळीवर ठेवलेल्या बांगड्याला मात्र असे संरक्षण नसते. त्याची कातडी करपते आणि काट्याजवळचे मांस कच्चेच राहते. म्हणून मागील दारी आगटी, म्हणजे निखाऱ्यांची उघडी चूल, बांधताना जाळी वर-खाली करण्याची सोय हवी. पण ती सोय कितपत उपयोगी पडते हे निखारे किती पसरले आहेत यावर ठरते.

लाकूड पेटवल्यावर आधी त्यातले पाणी उडते, मग साधारण २५० ते ३०० अंशांना ते विघटित होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडू लागतात. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ते या वायूंचे जळणे असते. वायू संपले की उरलेला कोळसा पृष्ठभागावरच, ज्वाळेविना जळतो. भाजण्यासाठी थांबायचे ते याच क्षणापर्यंत, कारण ज्वाळा काजळी धरते आणि वाऱ्यासरशी हलते, तर निखारा संथपणे उष्णता प्रारित करतो. हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या) चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा नियम योसेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये मांडला. त्यानुसार ७०० अंशांचा लालसर निखारा फुंकणीने फुंकून ९०० अंशांवर नेला, तर त्याचे प्रारण दुपटीहून थोडे अधिक होते. फुंकणीसारखे स्वस्त आणि प्रभावी नियंत्रण दुसरे नाही.

आता उंचीचे पाहू. अंतर दुप्पट झाले की उष्णता चौपटीने घटते, असे आपण शाळेत शिकलेलो असतो. परंतु तो नियम बिंदूएवढ्या उगमाचा आहे आणि आगटीतला निखाऱ्यांचा थर बिंदू नसतो. गोल थराच्या मध्याच्या बरोबर वर ठेवलेल्या माशाला, निखाऱ्यांना टेकून मिळाली असती त्या उष्णतेचा किती वाटा मिळतो हे काढायचे, तर थराच्या त्रिज्येच्या वर्गाला, त्रिज्येचा वर्ग आणि उंचीचा वर्ग यांच्या बेरजेने भागावे. आगटीचा व्यास ६० सेंमी आणि निखारे तळभर पसरलेले असतील, तर १० सेंमी उंचीवर हा वाटा ९० टक्के येतो, २० सेंमीवर ६९ आणि ३० सेंमीवर ५०. म्हणजे जाळी तिप्पट उंच नेऊनही उष्णता निम्मीसुद्धा कमी होत नाही, आणि तापलेल्या भिंतींचे प्रारण धरले तर फरक आणखीच थोडा पडतो. तेच निखारे १० सेंमी त्रिज्येच्या ढिगात ओढून घेतले, तर त्याच तीन उंचींवर वाटा अनुक्रमे ५०, २० आणि १० टक्के होतो. जाळीचा दांडा हलवण्याआधी निखारे एका बाजूला ओढावेत, ते यासाठी.

आगटीचे बांधकाम चिऱ्याचे, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांचे, करणे आपल्याकडे स्वाभाविकच आहे. खाणीतून काढताना मऊ असलेला जांभा हवेत कठीण होतो, आणि त्यातली पाणी धरून ठेवणारी लोहखनिजे तीनशेच्या आसपास तापल्यावर पाणी सोडून अधिक लाल होतात. पण जांभा सच्छिद्र आहे. पावसात भिजलेला चिरा एकदम तापवला तर आतल्या वाफेने त्याचे कपचे उडतात. नदीतल्या गोट्यांचाही हाच धोका आहे. म्हणून हे काम दिवाळीनंतर, चिरे सुकल्यावर करावे, आतून भाजक्या विटांचे अस्तर द्यावे आणि सांध्यांत सिमेंटऐवजी माती भरावी, कारण सिमेंट उष्णतेने पाणी गमावून भुसभुशीत होते. जाळी साध्या लोखंडी गजांची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नये. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते आणि त्याचा धूर ताप आणतो.

जाळी उचलण्याची सर्वांत साधी युक्ती म्हणजे आगटीबाहेर रोवलेला लोखंडी पाइप आणि त्यावर सरकणारी सैल बाही, म्हणजे थोड्या मोठ्या नळीचा तुकडा, जिला जाळीचा आडवा दांडा जोडलेला असतो. खिट्टी लागत नाही. भार एका बाजूला असल्याने बाही तिरकी होऊन पाइपला अडकते आणि घर्षण तिला धरून ठेवते. दांड्याचे टोक उचलले की ती मोकळी होते. ती टिकण्यासाठी भाराचे पाइपपासूनचे अंतर, बाहीच्या उंचीला घर्षणांकाच्या (घर्षण किती आहे हे सांगणाऱ्या आकड्याच्या) दुपटीने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा जास्त हवे. या सूत्रात वजन कुठेच येत नाही, ही त्यातली गंमत. मजबुतीच्या भ्रमात मी बाही १६ सेंमी उंच करून घेतली होती. भार ५० सेंमीवर होता आणि घर्षणांक साधारण ०.२ धरला तर गरज ४० सेंमीची होती, म्हणून ती टिकली. पुढे खाऱ्या हवेने पाइप गंजेल म्हणून त्याला खोबरेल चोपडले. घर्षणांक निम्म्यावर आला, गरज ८० सेंमीवर गेली आणि जाळी चार बांगड्यांसह निखाऱ्यांवर उतरली. बाही कापून ८ सेंमी केली तेव्हापासून तेल लावूनही ती घसरत नाही. खोबरेल मुख्यतः संतृप्त असल्यामुळे जवसाच्या तेलासारखे वाळून घट्ट थर धरत नाही, हेही तेव्हाच लक्षात आले.

जळणासाठी करवंट्या उत्तम. त्यांचा कोळसा घट्ट असतो आणि बराच वेळ टिकतो. सोडणे, म्हणजे नारळाची काथ्याची साले, पेटवणीपुरती ठीक, पुढे ती नुसती धुमसतात. काजूची टरफले मात्र अजिबात घालू नयेत, कारण त्यांतल्या दाहक तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. हवेसाठी तळाशी दोन भोके ठेवावीत, एक समुद्राकडे आणि एक डोंगराकडे: संध्याकाळी खारे वारे एकातून आत येतात आणि रात्री मतलई वारे सुटल्यावर दुसरे कामाला येते. भाताची उडवी किंवा झापांचे छप्पर वाऱ्याच्या दिशेला आणि जवळ नसावे. जेवण आटोपल्यावर तापलेल्या चिऱ्यांवर पाणी ओतू नये, ते तडकतात. राखेखाली झाकलेला विस्तव सकाळपर्यंत जिवंत राहतो, म्हणून निखारे पसरून निवू द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी राख माडांच्या अळ्यांत टाकण्याआधी तिच्यावर हात धरून पाहावा.