गोबीच्या शेपटीवर टेकलेली मिशी

सध्या एक व्हिडिओ सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. वाळूत एक बीळ, बिळाच्या तोंडाशी पट्ट्यापट्ट्यांचा बोटाएवढा मासा, आणि आतून एक कोळंबी सारखी वाळू ढकलत बाहेर येते आणि परत आत जाते. मागे भावुक म्युझिक आणि खाली लिहिलेलं की आंधळ्या मित्राला हा मासा आयुष्यभर साथ देतो, माणसांनी यातून शिकावं वगैरे. व्हिडिओ खरा आहे, मासा गोबी आहे, कोळंबीची नजर खरंच अधू असते. पण ही "मैत्री" म्हटली की विषय तिथेच संपतो, आणि या सगळ्यात जे खरं थक्क करणारं आहे ना, ते नेमकं त्या शब्दाखाली दडून जातं. म्हणून हा लेख.

आधी गोबी कोण ते थोडक्यात. समुद्रातल्या माशांच्या सगळ्यात मोठ्या कुळांपैकी हे एक, जवळपास दोन हजार जाती, आणि बहुतेक सगळ्या दहा सेंटीमीटरच्या आतल्या. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जोडले जाऊन बऱ्याच जातींत त्याची वाटी झालेली असते, तिने ते दगडाला, कोरलला म्हणजे प्रवाळाला चिकटून बसतात. पुष्कळ गोबींना पाण्यात तरंगायला लागणारी हवेची पिशवी नसते किंवा नावापुरती असते, त्यामुळे पोहणं कमी आणि तळावर टेकून बसणं जास्त. जपानचे माजी सम्राट अकिहितो हे गोबींचे अभ्यासक आहेत, नुसते हौशी नाहीत, त्यांनी १९६३ मध्ये गोबींच्या खांद्याच्या हाडावर शोधनिबंध लिहिलाय आणि पुढे नव्या जातींची वर्णनंही केलीत. या कुळात इतक्या सारख्या दिसणाऱ्या जाती आहेत की हाडं आणि डोक्यावरची बारीक संवेदी छिद्रं मोजल्याशिवाय ओळखच पटत नाही, आणि ते चिकाटीचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

आता त्या बिळाकडे येऊ.

लाल समुद्रापासून हिंदी महासागर, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया ते हवाईपर्यंत, कोरल रीफच्या कडेला जिथे जिथे वाळूचे पट्टे असतात तिथे शंभराहून जास्त जातींचे गोबी आल्फियस नावाच्या वंशातल्या कोळंब्यांबरोबर एका बिळात राहतात. बीळ खोदते कोळंबी, बऱ्याचदा नर-मादीची जोडी. वाळूतलं बीळ हे काही एकदा खोदलं आणि झालं असं नसतं, ते सारखं ढासळतं, त्यामुळे कोळंबी दिवसभर नांग्यांनी वाळू बाहेर लोटते, शिंपल्याचे आणि कोरलचे तुकडे आणून भिंतीला टेकू देते. हे बीळ आत मीटरभर लांब जाऊ शकतं, त्याला फाटे असतात आणि त्याची रचना दिवसागणिक बदलते. गोबीला यातलं काहीच येत नाही. त्याच्याकडे ना खोदायला अवयव, ना उघड्या वाळूवर लपायला दुसरी जागा.

उलट बाजूने बघा. कोळंबी वाळू टाकायला बाहेर आली की ती शिकाऱ्यांसाठी तयार घास असते. हेकरू, तांबोशी, लिझार्डफिश, कोणीही. तिला प्रकाश-अंधार कळत असेल, पण दोन मीटरवर थांबलेला मासा काही दिसत नाही. म्हणून ती बाहेर येताना आधी मिशी बाहेर काढते. कोळंबीच्या त्या दोन लांब मिशा आपण बाजारात बघतोच, त्यातली एक ती गोबीच्या अंगावर, बहुतेक वेळा शेपटीच्या आसपास टेकवते, आणि मगच बाहेर पाऊल टाकते. बाहेर असेपर्यंत ती एक मिशी जवळजवळ सतत माशाला लागलेली असते. वाळू टाकायला वळली, की दुसरी मिशी लावते. मासा जागेवर नसेल तर ती सहसा बाहेरच येत नाही.

आणि मासा काय करतो? काहीतरी संशयास्पद दिसलं की शेपटीचा पर अगदी थोडासा, पण भरभर थरथरवतो. आपल्याला लांबून कळणारही नाही इतका. ती थरथर मिशीतून कोळंबीला पोचते आणि ती त्याच क्षणी मागे सरते. धोका खूपच जवळ आला तर मासा स्वतः डोकं खाली घालून बिळात सूर मारतो, तोवर कोळंबी आत गेलेली असते. म्हणजे दोन वेगळे प्रकार झाले, थरथर म्हणजे "आत हो", आणि सूर म्हणजे "मी पण आलो". इस्रायलचे इलान कार्प्लस यांनी १९७० च्या दशकात लाल समुद्रात आणि नंतर इतरांनी हवाईत हे तासन्‌तास पाण्याखाली बसून नोंदवलंय. शिकारी कोण आहे आणि किती लांब आहे यावर माशाचं वागणं बदलतं हेही त्यात दिसलं. निरुपद्रवी शाकाहारी मासा जवळून गेला तरी गोबी बरेचदा ढिम्म.

इथे मला सगळ्यात जास्त आवडणारा प्रश्न येतो. ही भाषा तयार कशी झाली? दोघांपैकी कोणीच बसून ठरवलेलं नाही, दोघांचे मेंदू तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतील, आणि दोघांचे पूर्वज वेगवेगळे जगत होते.

यासाठी सुगावा आणि इशारा यातला फरक लक्षात घ्यायला लागतो. समजा एक मूळचा गोबी होता जो घाबरला की कुठल्याही भोकात शिरायचा. कोळंबीचं बीळ हे एक भोक. तो घाबरून आत शिरताना कोळंबीला धक्का लागणार, पाणी हलणार. तो मासा कोळंबीला काही सांगत नव्हता, तो फक्त पळत होता, पण त्याच्या पळण्यातून माहिती बाहेर पडत होती. हा सुगावा. ज्या कोळंब्या या हालचालीला घाबरून मागे सरत होत्या त्या जास्त वाचल्या, त्यांची पिल्लं जास्त झाली. पुढे ज्या कोळंब्या माशाला चिकटून राहत होत्या, मिशी लावून ठेवत होत्या, त्यांना माहिती लवकर मिळत होती, त्या अजून जास्त वाचल्या. इथपर्यंत सगळा फायदा कोळंबीचा आहे आणि माशाने काहीही वेगळं केलेलं नाही.

आता माशाच्या बाजूने. ज्याच्या बिळातली कोळंबी मेली त्याचं बीळ थोड्याच दिवसांत ढासळतं. म्हणजे कोळंबी जिवंत ठेवणं हे माशाच्या स्वतःच्या जिवाशी बांधलेलं आहे. मग जो मासा पळण्याच्या आधीची अस्वस्थता, म्हणजे शेपटीची हालचाल, जरा लवकर आणि जरा ठळक करत असेल, त्याची कोळंबी टिकते, बीळ टिकतं, तोही टिकतो. हजारो पिढ्यांत ती अस्वस्थता पळण्यापासून सुटी होत जाते, मासा न पळताही शेपटी हलवतो, आणि आता ती हालचाल कोळंबीसाठीच केली जाते. सुगाव्याचा इशारा झाला.

यात मासा फसवू का शकत नाही हेही बघण्यासारखं आहे. समजा एखादा गोबी उगाचच सारखी शेपटी हलवतोय. कोळंबी दिवसभर आत बसेल, वाळू निघणार नाही, बीळ बुजेल. समजा एखादा आळशी आहे, शेपटी हलवतच नाही. कोळंबी खाल्ली जाईल, बीळ बुजेल. दोन्हीकडून तोटा त्याचाच, त्यामुळे इशारा खरा राहतो. बाहेरून कोणी प्रामाणिकपणा शिकवायची गरज पडत नाही, वाळूचं ढासळणंच ते काम करतं. जीवशास्त्रात "खरा इशारा टिकतो कसा" यावर जाडजूड गणितं आहेत, सिग्नलची किंमत, खोट्या अलार्मचं प्रमाण, दोघांच्या हिताचा कल किती जुळतो असं सगळं, पण त्या गणितांतलं मुख्य सूत्र या एका बिळात उघडं पडलेलं आहे, की दोघांचं नुकसान एकाच ठिकाणी होत असेल तर खोटं बोलायला जागाच उरत नाही.

हे नुसतं रचलेलं कथानक नाही, याचे मधले टप्पे आजही जिवंत आहेत. अटलांटिकच्या बाजूला, फ्लोरिडा-बहामाच्या भागात, काही गोबी असे आहेत जे कोळंबीच्या बिळाचा आसरा घेतात पण तिच्यावाचून त्यांचं अडत नाही, आणि त्यांच्यातलं इशाऱ्याचं नातं इतकं पक्कं नाही. हिंद-प्रशांत भागातल्या गोबींचे डीएनए तपासल्यावर असंही दिसलं की कोळंबीबरोबरची भागीदारी एकदा नाही, दोन वेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे उगवलीये.

मग ही दोघं एकमेकांना सापडतात कशी? दोघांची पिल्लं सुरुवातीला प्लवकांत, उघड्या समुद्रात वाहत असतात आणि वेगवेगळी तळाला उतरतात. १९७२ च्या प्रयोगांत दिसलं की मासा कोळंबीला बघून ओळखतो आणि कोळंबी माशाला पाण्यातल्या वासावरून. ज्याच्याकडे जे इंद्रिय चांगलं, तो ते वापरतो. आणि २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी अजून एक गोष्ट दाखवली, जी त्या भावुक व्हिडिओत कोणी टाकणार नाही: मासा बिळात विष्ठा टाकतो आणि कोळंबीच्या जेवणाचा तो महत्त्वाचा भाग आहे. म्हणजे भाडं दोन प्रकारे दिलं जातं.

जाता जाता एक बोलायलाच हवं, कारण असल्या पोस्टखाली कोणीतरी लगेच लिहितं की घरात मासे ठेवले की वास्तुदोष जातो, आणि मासा मेला तर समजायचं की घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. हे ऐकून खूप वाईट वाटतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, नव्या टाकीत तो अमोनिया नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू अजून वाढलेले नसतात, आणि मासा त्या अमोनियाने मरतो. "संकट घेतलं" म्हणून नवा मासा आणून त्याच पाण्यात सोडला की तोही मरतो. टाकीचं पाणी तपासायचं किट पेट शॉपमध्ये मिळतं, ते घ्या.

कोरलमधल्या गोबींबद्दल आता थोडं. गोबिओडॉन नावाचे छोटे गोबी फांद्यांच्या प्रवाळाच्या आतच आयुष्य काढतात, अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी विषारी बुळबुळीत थर, त्यामुळे त्यांना खायला फारसं कोणी जात नाही. एका प्रवाळात बहुतेक वेळा एकच जोडी. एका प्रवाळावरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे उघड्यावर जीव धोक्यात घालणं, मग जोडीदार शोधत फिरण्यापेक्षा हे मासे लिंगच बदलतात, आणि बाकीच्या लिंग बदलणाऱ्या बहुतेक माशांसारखं एकाच दिशेने नाही, मादीचा नर होतो आणि नराची मादीही होते. जो समोर येईल त्याच्याशी जोडी जमते. यांच्याच जवळच्या पॅरागोबिओडॉन या पिवळ्या गोबीत एका प्रवाळावर अनेक जण उतरंडीने राहतात, सगळ्यात मोठी जोडी वीण करते आणि बाकीचे रांगेत. ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझार्ड बेटावर झालेल्या अभ्यासात दिसलं की खालच्या क्रमांकाचा मासा आपल्या वरच्याच्या फार जवळ वाढला की हाकलला जातो, आणि ते टाळायला तो समोर खाणं असूनही कमी खातो. हे सगळं प्रवाळ जिवंत असेपर्यंतच. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले, आणि प्रवाळ मेला की या माशांना दुसरं घर नसतं, ते वाळूवर जगूच शकत नाहीत.

इव्हिओटा सिगिलाटा हा ग्रेट बॅरियर रीफवरचाच एक बारीक गोबी. माशाच्या कानाच्या आत एक बारीक खडा असतो, त्यावर रोज एक वलय चढतं, ती वलयं मोजून २००५ मध्ये कळलं की हा जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो. त्यातले तीनेक आठवडे अळी म्हणून वाहण्यात, एकदोन आठवडे मोठं होण्यात, आणि उरलेल्या दिवसांत मादी अंडी घालते आणि नर ती राखतो. ज्यांची वयं मोजली गेलीत अशा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हे सगळ्यात छोटं आयुष्य. इतके लहान मासे रीफच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचे असं वाटेल, पण २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार रीफवरचे शिकारी जे माशांचं मांस खातात त्यातलं जवळजवळ ६० टक्के गोबी आणि त्यांच्यासारख्या तळाला दडून राहणाऱ्या माशांकडून येतं. ते मरतात भराभर आणि त्यांची जागा भरतेही तितक्याच भराभर, म्हणून मोजणीत ते कधी फार दिसत नाहीत.

आणि हे सगळं बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही, कारण गोबींचे जवळचे नातेवाईक आपल्या खाड्यांत आहेत. निवट्या. पूर्वी त्यांना गोबींच्याच कुळात धरायचे, आता शेजारचं वेगळं कुळ मानतात. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून श्वास घेत ते चिखलावर वावरतात. जपानच्या चिखलपट्टीवरच्या एका निवटीत तर बाप बिळातल्या अंड्यांच्या खोलीत तोंडाने हवेचे घोट नेऊन साठवतो, कारण चिखलातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच, आणि अंडी पिकली की तीच हवा तोंडाने बाहेर काढून टाकतो, खोलीत पाणी भरतं आणि पिल्लं बाहेर पडतात. ऐरोलीला किंवा ठाणे खाडीत कुठेही ओहोटीच्या वेळी गेलात तर काठावर दहा-पंधरा मिनिटं अजिबात न हलता उभं राहा, सुरुवातीला सगळे बिळात गेलेले असतात, मग एकेक डोळे वर येतात. डोकं डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचं शेवाळ खरवडणारे दिसले की ते बोलिओफ्थॅल्मस वंशातले निवटे, आणि दोन जण पाठीवरचा पर उभारून समोरासमोर आले की समजायचं हद्दीवरून भांडण चालू आहे.