कैद्यांची अदलाबदल

परदेशातील तुरुंगात अडकलेला आपला नागरिक सोडवून आणण्यासाठी सरकारने आपल्या ताब्यातला कैदी, आरोपी किंवा हेर दुसऱ्या देशाच्या हवाली करणे, याला कैद्यांची अदलाबदल म्हणतात. युद्धकैद्यांची परतपाठवणी यात मोडत नाही. लढाई थांबल्यावर युद्धकैदी विनाविलंब सोडणे हे १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या ११८ व्या कलमानुसार कर्तव्यच आहे, त्याचा मोबदला मागता येत नाही. प्रत्यार्पणात आरोपी खटल्यासाठी सोपवला जातो. शिक्षा झालेल्याला उरलेली शिक्षा मायदेशी भोगू देण्याची सोयही वेगळी. अदलाबदलीत मात्र न्यायालयाचा निकाल बाजूला ठेवून माणसाच्या बदल्यात माणूस दिला जातो. असा सौदा सरकारने करावा की नाही, यावर जगभर वाद आहे.

सातारच्या गादीचा दाखला

सातारा-सांगलीच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. सातारच्या गादीचा इतिहासच कैदेपासून सुरू होतो. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती गेला आणि महाराणी येसूबाई व सात वर्षांचे शाहू कैदेत पडले. औरंगजेबाच्या छावणीबरोबर ही कैद सतरा वर्षे दख्खनभर फिरत राहिली. १७०७ मध्ये औरंगजेब वारला. तख्तासाठी उत्तरेकडे घाईने निघालेल्या त्याच्या मुलाने, आझमशाहाने, वाटेत शाहूंना सोडून दिले.

ही सुटका दयेपोटी झालेली नव्हती. महाराणी ताराबाई मोगलांशी नेटाने झुंजत होत्या. गादीचा दुसरा वारस दक्षिणेत उतरला की मराठ्यांत दुही माजेल, असा तो हिशेब होता, आणि तो चुकला नाही. त्याच वर्षी खेडजवळ मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. शाहूंनी दिलेला शब्द पाळावा म्हणून येसूबाई आणि बाकीचा परिवार मोगलांनी ओलीस ठेवून घेतला. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्यांची आई अजून कैदेतच होती.

ती सुटायला आणखी अकरा वर्षे गेली. १७१८ मध्ये दख्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अली याच्याशी तह ठरला. त्यात स्वराज्याची मान्यता आणि दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी होती, आणि मातोश्रींसह परिवाराची सुटका हेही एक कलम होते. मराठ्यांनी त्या बदल्यात पंधरा हजारांची फौज बादशाही चाकरीस द्यायची होती. बादशहा फर्रुखसियरने तह मानला नाही, म्हणून बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन सय्यदांबरोबर दिल्लीला गेले. १७१९ मध्ये बादशहा गादीवरून गेला, सनदा हाती आल्या, आणि येसूबाई सुमारे तीस वर्षांच्या कैदेनंतर साताऱ्याला पोचल्या. त्या मोहिमेत दिल्लीच्या रस्त्यांवर उसळलेल्या दंग्यात हजाराहून अधिक मराठे मारले गेले. शाळेच्या पुस्तकात चौथाईच्या सनदा येतात. हे मेलेले लोक क्वचितच येतात, आणि सुटकेचा विचार करताना तेच आधी आठवायला हवेत.

आजच्या अदलाबदलींतही हेच दिसते. पकडणारा आपल्या सोयीने सोडतो. एक सुटतो तेव्हा दुसरा कोणीतरी मागे राहतो. आणि किंमत बऱ्याचदा अशा माणसाच्या खात्यावर पडते, ज्याला सौद्यात कोणी विचारलेलेच नसते.

शीतयुद्ध आणि नंतरचे रूप

१० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिनजवळच्या ग्लीनिके पुलावर सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेल आणि अमेरिकी वैमानिक गॅरी पॉवर्स यांची अदलाबदल झाली. पूर्व जर्मनीने तर याचा नियमित व्यवहारच केला. १९६० च्या दशकापासून १९८९ पर्यंत पश्चिम जर्मनीने सुमारे ३३ हजार राजकीय कैदी पैसे आणि माल देऊन सोडवून घेतले. त्याची किंमत ३ अब्ज मार्कांहून अधिक झाली.

हेराच्या बदल्यात हेर देण्यात निदान एक समतोल होता. दोघांनाही आपल्या कामातला धोका ठाऊक असे. अलीकडे तो समतोल राहिलेला नाही. देश आधी परक्या नागरिकाला पकडतो, गुन्हा मागाहून चिकटवतो आणि मग भाव सांगतो. याला ओलीस मुत्सद्देगिरी म्हणता येईल. डिसेंबर २०१८ मध्ये कॅनडाने अमेरिकेच्या विनंतीवरून हुवावे या चिनी कंपनीच्या वरिष्ठ अधिकारी मंग वानझो यांना अटक केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत चीनमध्ये मायकेल कोवरिग आणि मायकेल स्पेवर हे दोन कॅनेडियन पकडले गेले. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही असे चीन सांगत राहिला, पण सप्टेंबर २०२१ मध्ये मंग सुटताच काही तासांत हे दोघेही सुटले. ब्रिटिश-इराणी नागरिक नाझनीन झघारी-रॅटक्लिफ २०१६ मध्ये पकडल्या गेल्या आणि मार्च २०२२ मध्ये घरी पोचल्या, त्या ब्रिटनने रणगाड्यांच्या जुन्या व्यवहारातले सुमारे ४० कोटी पौंडांचे देणे चुकते केल्यावर. डिसेंबर २०२२ मध्ये बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनर यांच्या बदल्यात अमेरिकेने शस्त्रविक्रेता व्हिक्टर बूट रशियाला दिला. ग्रायनर यांच्या सामानात गांजाचे तेल सापडले होते. बूटला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली होती.

यातला सर्वांत मोठा सौदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अंकारा विमानतळावर झाला. सात देशांच्या तुरुंगांतले २४ जण त्या दिवशी सुटले. अमेरिकी पत्रकार इव्हान गर्शकोविच आणि राजकीय कैदी व्लादिमीर कारा-मुर्झा रशियातून बाहेर आले. त्यांच्या बदल्यात जर्मनीने वादिम क्रासिकोव्हला सोडले. बर्लिनच्या एका बागेत २०१९ मध्ये भर दिवसा खून केल्याबद्दल त्याला जन्मठेप झाली होती. मॉस्कोच्या विमानतळावर पुतिन स्वतः त्याला मिठी मारायला उभे होते. ते चित्रण मृताच्या घरच्यांनीही पाहिले असणार.

किंमत कोणाच्या माथी

अदलाबदलीच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. नागरिकाच्या पासपोर्टवर देशाचे नाव असते. त्या नावामुळेच तो पकडला गेला असेल, तर त्याला सोडवणे देशावर येते. विरोधातला युक्तिवाद पुढचा विचार करतो. आज किंमत दिली की उद्या आणखी माणसे पकडली जातील, आणि सुटलेला गुन्हेगार पुन्हा तेच करील.

दुसऱ्या युक्तिवादाचे पुरावे जड आहेत. इस्रायलने २०११ मध्ये हमासच्या ताब्यातल्या गिलाद शालित या एका सैनिकासाठी १,०२७ कैदी सोडले. त्यांतला याह्या सिनवार पुढे ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याचा सूत्रधार ठरला. आपल्याकडे २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान कंदाहारला नेले गेले. प्रवाशांच्या नातेवाइकांनी पंतप्रधानांच्या निवासस्थानाबाहेर आक्रोश केला, आणि ३१ डिसेंबरला मसूद अझहर, उमर शेख व मुश्ताक झरगर हे तुरुंगातले तिघे दहशतवादी सोडले गेले. समोर देश नव्हता, अपहरणकर्ते होते, म्हणून व्याख्येनुसार हे प्रकरण वेगळे. पण भारतात या विषयावरची प्रत्येक चर्चा तिथूनच सुरू होते. अझहरने पुढच्याच वर्षी जैश-ए-महंमद ही दहशतवादी संघटना उभी केली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामात तिच्या हल्ल्यात ४० जवान गेले.

त्या नातेवाइकांना मात्र कोणी दोष देऊ नये. आपले मूल विमानात असताना देशहिताचा हिशेब मांडणे कोणत्याही आईबापाला जमणार नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा करणेच क्रूर आहे. तो हिशेब सरकारने मांडायचा असतो.

सरकारने तो कसा मांडावा, यावर भारतात एक निर्णय फार मोलाचा आहे, आणि त्याची आठवण कमी काढली जाते. जुलै २००० मध्ये चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांना पळवले. जत-मिरजेकडे कन्नड बोलणारी घरे पुष्कळ, राजकुमार हे नाव तिथे समजावून सांगावे लागत नाही. वीरप्पनच्या मागण्यांपैकी एक होती टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली तुरुंगात असलेल्यांच्या सुटकेची. कर्नाटक सरकारने त्यांच्यावरचे टाडाचे आरोप मागे घेण्याचा अर्ज केला, खालच्या न्यायालयाने तो मान्यही केला. वीरप्पनच्या टोळीने मारलेल्या एका पोलीस उपनिरीक्षकाचे वृद्ध वडील, अब्दुल करीम, याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ नोव्हेंबर २००० रोजी न्यायालयाने आरोप मागे घेण्याची ती परवानगी रद्द केली. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने लोकहित तपासले पाहिजे, सरकारने सांगितले म्हणून नुसता अर्ज रेटता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. राजकुमार पुढच्याच आठवड्यात सुटून आले. गेलेल्या मुलाच्या बापाला या सौद्यात बोलायचा अधिकार आहे, हे त्या एका अर्जामुळे ठरले.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की सरकारने अदलाबदल करावी, पण निरपराध नागरिकांचा जीव घेणारा माणूस त्या सौद्यात कधीही देऊ नये. हेर, लाचखोर, निर्बंध मोडणारा व्यापारी, व्हिसाचा घोळ केलेला परदेशी यांना सोडून आपला निर्दोष माणूस घरी येत असेल, तर सरकारने अडून बसण्यात शौर्य नाही. तरीही खुनी द्यायचाच असेल, तर त्याच्या बळींच्या घरच्यांसमोर न्यायालयात उभे राहून ते सांगण्याची सरकारची तयारी हवी. ती नसेल, तर तो सौदा करण्याजोगा नसतो. क्रासिकोव्हच्या प्रकरणात हे झाले नाही, आणि त्यात सुटलेल्यांबद्दल आनंद वाटत असूनही ते खटकते.

भारतातील मार्ग

माणसाच्या बदल्यात माणूस देण्यासाठी भारतात वेगळा कायदा नाही. राष्ट्रपतींचा अनुच्छेद ७२ खालचा माफीचा अधिकार आणि न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेणे, हेच रस्ते आहेत. १९९५ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलियात विमानातून शस्त्रे टाकली गेली, त्या प्रकरणातले रशियन भाषक वैमानिक २००० मध्ये रशियाच्या विनंतीवरून आणि ब्रिटिश नागरिक पीटर ब्लीच २००४ मध्ये, असे शिक्षामाफीनेच सुटले. २००३ च्या कैदी परतपाठवणी कायद्याने शिक्षा झालेल्या भारतीयाला उरलेली शिक्षा इथे भोगता येते, पण त्यासाठी त्या देशाशी करार लागतो, आणि फाशीच्या कैद्याला किंवा लष्करी कायद्याखाली शिक्षा झालेल्याला ती वाट बंद आहे.

मार्च २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशी तुरुंगांत १०,१५२ भारतीय होते. यांतले बहुतेक कामासाठी आखाती देशांत किंवा शेजारी देशांत गेलेले. त्यांच्यासाठी पूल बांधले जात नाहीत आणि विमानेही थांबत नाहीत. दूतावासाचा माणूस वेळेवर भेटला, दुभाषी मिळाला, वकील मिळाला, एवढ्यावर त्यांचे नशीब ठरते. भारत आणि पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. ही रुक्ष कागदपत्रे अनेक घरांना कोणत्याही गाजलेल्या अदलाबदलीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत असतो. अशा गावांत १९७१ चा एक प्रश्न अजून निघतो. भारताच्या हाती ९३ हजार पाकिस्तानी होते, तरी बेपत्ता राहिलेले आपले ५४ जण का आणले नाहीत? युद्धकैदी हे सौद्याचे चलन नसते, हे कायद्याचे उत्तर बरोबर आहे. पण त्या ५४ घरांना ते पुरत नाही, आणि ते पुरेसे वाटावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

सांगलीचे प्रकरण

भारताच्या संदर्भात दोन देशांतल्या अदलाबदलीची उघड चर्चा झाली, ती सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधव यांच्यावरून. नौदलाच्या या निवृत्त अधिकाऱ्याला मार्च २०१६ मध्ये बलुचिस्तानात हेरगिरी करताना पकडले, असे पाकिस्तान म्हणतो. ते इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांना पळवून नेले, असे भारताचे म्हणणे. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली.

त्याच वर्षी सप्टेंबरात पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री ख्वाजा आसिफ यांनी न्यूयॉर्कमध्ये एक विधान केले. पेशावरच्या शाळेवरील २०१४ च्या हल्ल्याशी संबंधित, अफगाणिस्तानच्या तुरुंगातला दहशतवादी जाधव यांच्या बदल्यात देण्याचा प्रस्ताव आपल्याकडे आला होता, असे ते म्हणाले. अफगाणिस्तानने असा प्रस्ताव दिल्याचे नाकारले, भारताने तो मनगढंत ठरवला. त्या शाळेत शंभराहून अधिक मुले मारली गेली होती. आपल्या माणसाचे नाव त्या मुलांच्या मारेकऱ्याशेजारी तराजूत घातले जाणे ही त्याची वेगळीच शिक्षा होती. एका देशाने निर्दोष म्हटलेला माणूस सौद्याच्या भाषेत गुन्हेगाराच्या तोलाचा होऊन बसतो, हा अदलाबदलीचा फारसा न बोलला जाणारा दोष आहे.

भारताने न्यायालयाचा रस्ता धरला. १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी ठरवले की जाधव यांना दूतावासाची भेट नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम मोडले आहे. शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी देऊ नका, असे न्यायालयाने सांगितले. सुटकेची भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही.

त्याआधी, २५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादमध्ये त्यांची आई आणि पत्नी यांना भेट मिळाली होती. मध्ये काच होती, बोलणे यंत्रातून. भेटीपूर्वी दोघींची मंगळसूत्रे, बांगड्या आणि टिकल्या काढायला लावल्या. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितले, की आई मुलाशी मराठीत बोलू लागली तेव्हा तिला पुन्हा पुन्हा अडवले गेले आणि शेवटी मराठीत बोलूच दिले नाही.